पाटी नसलेला फोटो

१९५१ च्या नोव्हेंबरात पणजीच्या इन्स्तितूत व्हास्को द गामामध्ये एका ब्राझिलियन पाहुण्याचे व्याख्यान झाले. पाहुणे होते जिल्बेर्तु फ्रेयर. समाजशास्त्रज्ञ म्हणून त्यांचा तोवर मोठा दबदबा झाला होता आणि पोर्तुगाल सरकारने त्यांना आपल्या साम्राज्याचा दौरा करायला मुद्दाम बोलावले होते. फ्रेयर म्हणत, इंग्रज जिथे गेला तिथे स्थानिकांपासून चार हात लांब राहिला. पोर्तुगीज मात्र मिसळला, त्याने सोयरिकी केल्या, तिथले अन्न आणि घर आपलेसे केले, आणि त्यातून उष्ण कटिबंधात एक वेगळीच पोर्तुगीज संस्कृती उभी राहिली. 'लुझो-ट्रॉपिकल' हा त्यांचा पुढे गाजलेला शब्द त्यांनी जाहीरपणे मांडला तो या पणजीच्या व्याख्यानात.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारला हे चांगलेच पथ्यावर पडले. त्याच वर्षी पोर्तुगालने घटना बदलून वसाहतींना 'सागरपार प्रांत' म्हणायला सुरुवात केली होती. वसाहतच नाही म्हटल्यावर सोडायचे काय? वर्णद्वेष पाहायचा तर अमेरिकेत जा, अस्पृश्यता पाहायची तर नेहरूंच्या भारतात जा. गोव्यात सगळे पोर्तुगीज नागरिक, सगळे सारखे, असा एकूण सूर. कागदावर ते अगदी खोटेही नव्हते. १९१० च्या प्रजासत्ताकाने गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क दिले होते, आणि अंगोला-मोझांबिकमधल्या आफ्रिकनांना 'इंदिजेना' ठरवून लावलेला वेगळा कायदा गोवेकरांना लागू नव्हता. मग पेडण्याच्या महारवाड्यात किंवा डिचोलीच्या खाणीवर या बरोबरीचे काय झाले? त्या काळचे फोटो याला उत्तर देतात, फक्त ते आपणहून बोलत नाहीत.

फ्रेयर यांनी अमेरिकेतला वर्णभेद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तरुणपणी ते टेक्सासातल्या वेको गावी बेलर विद्यापीठात शिकले आणि पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबियात, जिथून काहीच वर्षे आधी बाबासाहेब आंबेडकर शिकून गेले होते. फ्रेयर वेकोला पोचले १९१८ मध्ये. त्याच्या दोन वर्षे आधी, १५ मे १९१६ रोजी, जेसी वॉशिंग्टन या सतरा वर्षांच्या काळ्या शेतमजुराला त्या गावातल्या जमावाने कोर्टातून ओढून नेले आणि हजारो लोकांदेखत जाळले. फ्रेड गिल्डरस्लीव्ह या गावातल्याच फोटोग्राफरने त्याचे फोटो काढले. त्यांची पोस्टकार्डे विकली गेली, आठवण म्हणून. दोन महिन्यांनी तेच फोटो काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत ड्यू बॉइस यांच्या 'द क्रायसिस' मासिकाच्या पुरवणीत छापून आले, गुन्ह्याचा पुरावा म्हणून. फोटोतला एक ठिपकाही बदललेला नव्हता. बदलला होता तो फोटो हातात धरणारा माणूस.

१९३५ पासून अमेरिकी सरकारनेच रॉय स्ट्रायकर यांच्या देखरेखीखाली फोटोग्राफर नेमून खेडोपाडी धाडले. हेतू होता ग्रामीण दारिद्र्य दाखवून सरकारी योजनांना पाठिंबा मिळवण्याचा. वर्णभेद हा त्यांच्या कामाचा विषय नव्हता. तरी तो फोटोंत उतरला, कारण तो सगळीकडे होता. एप्रिल १९३८ मध्ये जॉन व्हॅशन यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या हॅलिफॅक्स गावी कचेरीच्या हिरवळीवरचा पिण्याच्या पाण्याचा नळ टिपला. एक पोरगा नळाशी आहे आणि झाडावर ठोकलेल्या पाटीवर लिहिले आहे 'कलर्ड'. फोटोखालची सरकारी ओळ मात्र एवढेच सांगते की हा कचेरीच्या हिरवळीवरचा पाण्याचा नळ आहे. ओळ लिहिणाऱ्याने पाटी वाचलीच नाही, की वाचून सोडून दिली, हे ज्याने त्याने ठरवावे.

त्यांच्याच तुकडीतल्या मेरियन पोस्ट वॉलकॉट यांचा फोटो ऑक्टोबर १९३९ चा, मिसिसिपीतल्या बेल्झोनी गावचा. शनिवारची दुपार आहे. थिएटरच्या बाजूच्या भिंतीला लागून बाहेरूनच एक जिना वर गेला आहे. टोपी घातलेला एक माणूस तो चढतो आहे आणि त्याची सावली भिंतीवर पडली आहे. भिंतीवर 'कलर्ड' प्रेक्षकांचा दर लिहिला आहे, १० सेंट. जिन्याखालच्या दारावर आहे 'फक्त गोरे पुरुष'. बाजूला एका शीतपेयाची जाहिरात. सिनेमाचा दरवाजा फोटोत नाही. तो रस्त्याच्या बाजूला असणार, गोऱ्यांसाठी. माणसाचा चेहराही नीट दिसत नाही. पण जिना, दर आणि दार एवढ्यावर अख्खा कायदा कळतो. मला यात सर्वांत बोचते ती शनिवारची दुपार. आठवडाभर राबून माणूस करमणुकीला निघाला आहे, चांगली टोपी घालून.

मग आले गॉर्डन पार्क्स. स्वतः काळे, 'लाइफ' साप्ताहिकाच्या नोकरीत. १९५६ मध्ये ते अलाबामातल्या मोबाइल शहरी आणि आसपास एका मोठ्या कुटुंबाबरोबर राहिले आणि त्यांनी रंगीत फिल्म वापरली. त्यातल्या एका फोटोत फिकट निळ्या रंगाचा झगा घातलेली एक तरुण बाई आणि तिची चिमुरडी भाची दुकानाबाहेर उभ्या आहेत, दोघी सणाला निघाल्यासारख्या नटलेल्या. वर निऑनच्या लाल अक्षरांत 'कलर्ड' लोकांचे प्रवेशद्वार. बाईच्या खांद्यावरून आतल्या कपड्याची पट्टी किंचित खाली घसरली आहे. पार्क्सना तो क्षण थांबवून पट्टी नीट करायला सांगता आले असते. त्यांनी सांगितले नाही, म्हणून ती आपल्याला पुतळा वाटत नाही. 'लाइफ'ने त्या सप्टेंबरात या मालिकेतले निवडक फोटो छापले आणि लेखाच्या मथळ्यात बंधने दोन प्रकारची सांगितली: उघडी आणि छुपी. मालिकेतल्या कितीतरी पारदर्शिका पार्क्स गेल्यानंतर सहा वर्षांनी, २०१२ मध्ये, एका खोक्यात सापडल्या.

अमेरिकेला पाटीची गरज का पडली, हे आपल्याकडचे फोटो पाहण्याआधी समजून घेतलेले बरे. गुलामी गेल्यावर माणसे रेल्वेने हिंडू लागली, शहरांत अनोळखी माणसांची एकमेकांशी गाठ पडू लागली. १८९६ च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' मान्य केले, आणि राज्याराज्यांच्या कायद्यांनी डबे, शाळा, नळ वाटून दिले. परक्या प्रवाशाला कुठे बसायचे ते सांगायला पाटी हवी. पेडण्याच्या बाजारात परका होताच कोण? कुणाचा वाडा कुठला, कोण सोप्यावर बसणार आणि कोण अंगणातच थांबणार, हे सगळ्यांना पाठ होते. वाचता न येणाऱ्यालाही ते पाठ होते. म्हणून इथल्या फोटोत पाटी नाही, आणि पाटी नाही म्हणून भेद नव्हता असे म्हणणाऱ्यांची सोय होते.

तरी एक प्रकारची पाटी होती. फक्त ती भिंतीऐवजी कचेरीतल्या वहीत होती. डिचोली १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांच्या ताब्यात आले. हा नव्या काबिजादींचा, म्हणजे उशिरा जिंकलेला मुलूख. तिसवाडी-साष्टीत, म्हणजे जुन्या काबिजादींत, दोनशे वर्षांपूर्वी झाले तसे धर्मांतर आणि देवळांची मोडतोड इथे झाली नाही. तुमचा धर्म आणि तुमच्या चालीरीती तुमच्यापाशी, असे नव्या सरकारने म्हटले. पुढे या चालीरीतींच्या संहिताही निघाल्या, १८५३ ची आणि मग १८८० ची. ऐकायला उदार वाटणाऱ्या या धोरणाचा अर्थ असा होता की जातीची उतरंड जशी होती तशी सरकारी संरक्षणाखाली गेली. १८८६ मध्ये देवळांसाठी 'माझानिया'चे, म्हणजे महाजनांच्या मंडळाचे, नियम आले आणि १९३३ मध्ये ते सुधारून पुन्हा आले. महाजन कोण, म्हणजे देवस्थानाच्या कारभारात मत कुणाला, याची नोंद सरकारदरबारी होऊ लागली. गावकारीचेही, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीतल्या हक्काचेही, तसेच; ती वंशपरंपरेने पुरुषांकडे. अमुक जातीला मज्जाव, असे लिहावे लागतच नव्हते. आत कोण हे लिहिले की बाहेर कोण ते आपोआप ठरते. देवस्थानांची ती व्यवस्था गोवामुक्तीनंतरही चालू राहिली आणि मामलेदार आजही तिचे प्रशासक आहेत.

आता कॅमेरा. १८९० च्या सुमारास पणजीत 'सोझा अँड पॉल' या फोटोग्राफरांनी चर्च, रस्ते, बंदर, रेल्वे, अधिकारी आणि जातीपातींचे 'नमुने' टिपले. त्यांचे काम आज त्या काळच्या गोव्याचे सर्वांत ओळखीचे चित्र आहे. नमुन्यांच्या फोटोंत माणसाला नाव नसते, धंदा असतो. 'बायलादैरा', म्हणजे नाचणारणी, या मथळ्याखाली कलावंतिणींची पोस्टकार्डे लिस्बनपर्यंत गेली. दागिने, पैठणी, मागे साथीदार. गाणे कुणाकडे शिकल्या, देवळाच्या सेवेत कुणी बांधले, मुलांना बापाचे नाव लावता येई का, यातले काहीच कार्डावर नाही. राजाराम पैंगीणकरांनी त्याच समाजातून येऊन आत्मचरित्र लिहिले आणि त्याचे नाव ठेवले 'मी कोण?'. त्या पोस्टकार्डांना दिलेले हे उत्तर समजायला हरकत नाही. मग गोवा मेडिकल स्कूलचे डॉक्टर जेर्मानु कुर्रैया आले, सत्तरीच्या राणे घराण्यांतल्या लोकांची आणि इतरांची डोकी-नाके मोजणारे. १८९५ मध्ये ज्या राणे मंडळींनी बंड करून सरकारला जेरीस आणले, त्यांचीच पुढच्या पिढीत मोजपट्टीने नोंद झाली. मला यात बंडखोराला नमुना करून टाकण्याचा एक प्रकारचा सूड दिसतो.

आपल्या घरांतले फोटो वेगळे, कारण ते आपणच पैसे देऊन काढवून घेतले. पेडणे-डिचोलीकडच्या थोरल्या घरांत १९३०-४० चा एखादा लग्नाचा किंवा मुंजीचा फोटो असतोच. माटवाखाली खुर्च्यांची रांग. मधल्या खुर्चीत घरचा भाटकार, म्हणजे जमीनदार, कोट, धोतर, पायात बूट किंवा वहाणा. जाजमावर मुले, मागे बायका, अर्ध्या डोळ्यांनी कॅमेऱ्याकडे पाहणाऱ्या. इथवर सगळे पाहतात. पण अशा फोटोत कडा पाहाव्यात. सोप्याच्या खांबामागून कुणीतरी डोकावत असते. पायरीखाली, जाजमाच्या पलीकडे, काश्टी नेसलेला उघड्या अंगाचा माणूस हात बांधून उभा असतो, अनवाणी. त्याच्या हातात मिटलेली छत्री असते आणि ती त्याची नसते. तो मुंडकार. त्याची झोपडी भाटकाराच्या जमिनीत. घरी कार्य असले की त्याचा अख्खा कुटुंबकबिला राबायला. फोटोच्या मागे शाईने नावे लिहिलेली असतात ती खुर्च्यांवरच्यांची. त्याच्यापाशी येऊन यादी संपते.

असा फोटो वाचताना जपूनच बोलायला हवे. कडेला उभा आहे म्हणजे दडपलेला आहे, असे दरवेळी नसते. कधी फोटोग्राफर उंचीप्रमाणे माणसे लावतो, कधी एखादा लाजाळू असतो, कधी जावईच रुसून बाजूला उभा राहिलेला असतो. म्हणून एका फोटोवर निकाल देऊ नये. दहा फोटो शेजारी ठेवावेत. दहांतही तोच माणूस, त्याचा मुलगा आणि मग त्याचा नातू पायरीखालीच उभा दिसला, तर तो योगायोग राहत नाही. मग घराचा आराखडा आठवावा: विहीर कुठे, मागील दार कुठे, महारवाड्याची पाण्याची जागा कुठे. महार समाजाच्या माणसांनी विणलेल्या बांबूच्या सुपांशिवाय आणि पाट्यांशिवाय या घरांतले एक कार्य पार पडत नसे. फोटोत सूप दिसते, तांदूळ पाखडणारी बाई दिसते. सूप विणणारा दिसत नाही, कारण तो सूप अंगणात ठेवून गेला होता.

काळा-पांढरा फोटो आणखीही एक गोष्ट लपवतो. जुन्या काबिजादींतल्या चर्चच्या फेस्ताला कोंफ्रारियांचे, म्हणजे चर्चच्या बंधुमंडळांचे, सभासद पांढऱ्या झग्यावर मुर्सा, म्हणजे खांद्यावरचा आखूड अंगरखा, घालून मिरवणुकीत चालत, आणि मुर्साचा रंग जातीप्रमाणे ठरलेला असे. फोटोत सगळे मुर्सा करडे. पार्क्सनी मोबाइलमध्ये रंगीत फिल्म नेली नसती, तर ते निऑनचे दारही थोडे सौम्य वाटले असते. ख्रिस्ती समाजात जात नाही असे मानणाऱ्यांना गोव्याच्या करड्या फोटोंनी बरीच वर्षे साथ दिली.

डिचोली तालुक्याची गोष्ट दुसऱ्या महायुद्धानंतर पालटली. शिरगाव, पाळी, वेळगे, मुळगाव या गावांच्या डोंगरांत लोखंडाची माती निघाली आणि ती जपानकडे जाऊ लागली. शेतात मजुरी करणाऱ्या बायका खाणीवर पाट्या उचलू लागल्या. त्या काळच्या खाणीच्या फोटोत मध्यभागी यंत्र किंवा साहेब असतो, आणि बायका रांगेत, डोक्यावर पाटी घेतलेल्या, बहुधा पाठमोऱ्या. डोंगर किती मोठा ते कळावे म्हणून त्या तिथे आहेत. तरी एका अर्थाने हा फोटो मला लग्नाच्या फोटोपेक्षा प्रामाणिक वाटतो. रोख मजुरीने भाटकाराच्या पायरीखालचा माणूस तिथून हलला, निदान दिवसापुरता. खाणीवर सोपा नव्हता. पण सावली होती, आणि सावलीत कोण उभे आहे ते या फोटोंत पाहण्यासारखे आहे.

फ्रेयर येऊन गेल्याला चार-पाच वर्षे झाली होती. दादरा-नगरहवेली हातची गेली होती, सरहद्दीवर सत्याग्रह चालू होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडण्याच्या पत्रादेवीला पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. अशा वेळी लिस्बनने भूगोलाचे प्राध्यापक ओर्लांदु रिबेरु यांना गोव्याचा अभ्यास करायला पाठवले. १९५५-५६ मध्ये ते इथे हिंडले, बरोबर रकेल सुएरु द ब्रितु आणि मारियानु फेयु. रिबेरु निष्णात भूगोलज्ञ आणि नादिष्ट फोटोग्राफर. शेते, माड, घरे, बाजार आणि माणसे यांवरून समाज वाचण्याची त्यांना सवय होती. सरकारला दिलेल्या अहवालात त्यांनी सरळ लिहिले की आपण पाहिलेल्या पोर्तुगीज मुलखांत गोवा सर्वांत कमी पोर्तुगीज आहे. इथे पोर्तुगीज बोलणारे मोजके आहेत आणि जात हिंदूंत आहे तशीच ख्रिस्त्यांतही आहे. व्याख्यान द्यायला आलेल्या फ्रेयरना न दिसलेले रिबेरुंना दिसले, कारण ते पायी फिरले. फ्रेयर यांचा सिद्धांत सरकारने मिरवला. रिबेरुंचा अहवाल पुस्तकरूपाने छापला गेला तो १९९९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. फेयु यांचे गोव्यातल्या हिंदू जातींवरचे पुस्तक १९७९ चे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर कॅमेऱ्यासमोरची माणसे बदलली. २० डिसेंबर १९६३ रोजी दयानंद बांदोडकर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. जन्म पेडण्याचा, १९११ चा. समाज तोच, ज्याच्या बायकांना पोस्टकार्डांवर नाव नव्हते. स्वतः खाणमालक. त्यांच्या त्या काळच्या फोटोंत ते मध्यभागी आहेत, आणि भोवती पूर्वी पायरीखाली असणारी माणसे आता खांद्याला खांदा लावून उभी आहेत. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा, गावोगावच्या मराठी प्राथमिक शाळा हे सगळे त्या काळातले आणि त्याच्या लगेच नंतरचे. मुंडकार कायदा झाला तेव्हा बांदोडकर हयात नव्हते. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री होत्या. शाळेच्या वर्गाचे फोटो या काळापासून विपुल मिळतात आणि इतिहासाच्या दृष्टीने मी ते थोरल्या घरांच्या फोटोंच्या वर ठेवतो. त्यांत सगळी मुले एकाच बाकड्यावर बसलेली असतात, आणि पहिल्यांदाच सगळ्यांची नावे हजेरीपटात असतात. मात्र इथेही भाबडे होऊ नये. बाकडे एक असले तरी शाळेतला पाण्याचा माठ आणि शाळेबाहेरची विहीर फोटोत नाही. गोव्याच्या ४० मतदारसंघांपैकी अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला एकमेव मतदारसंघ आज पेडणे आहे. हा आकडाही त्या फोटोंशेजारी ठेवून पाहावा.

अमेरिकेत त्या पाट्या १९६४ च्या कायद्यानंतर उतरल्या. काही संग्रहालयात गेल्या, काही लोकांनी घरी ठेवल्या. तिथल्या शाळकरी मुलाला व्हॅशनचा फोटो दाखवला की त्याला काय चालले होते ते कळते. आपल्या मुलांना माटवाखालचा फोटो दाखवला, तर ती खुर्चीवरच्या पणजोबांच्या मिशा पाहून हसतात आणि पान उलटतात. दोष त्यांचा नाही; फोटोत वाचायला पाटीच नाही.

पाटी आपल्यालाच लिहावी लागेल, आणि लिहू शकणारी माणसे थोडीच उरली आहेत. घरात ऐंशी-नव्वदीतली आजी असेल, पलीकडच्या वाड्यावर कुणी जुना मुंडकार असेल, तर यंदाच्या चतुर्थीला सगळे घरी जमतील तेव्हा जुने फोटो बाहेर काढा. खुर्चीवरच्यांची नावे तुम्हाला ठाऊक आहेत. खांबाआडच्या बाईचे आणि छत्री धरणाऱ्याचे विचारा. वाडा, गाव आणि साल यांसह ते फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने लिहा, शाई उमटते. मोबाइलवर प्रत काढताना कडा कापू नका, आणि एक प्रत त्या माणसाच्या घरीही नेऊन द्या. बहुधा त्यांच्याकडे त्याचा हा एकमेव फोटो असेल.